अर्धा मिनिट पुढे

भारतानं आजवर जिंकलेल्या प्रत्येक मॅचमध्ये आमच्या समोरच्या काकांचा हात आहे आणि हरलेल्या प्रत्येक मॅचमध्ये आमच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी पाय. हे माझं मत नव्हे, हा काकांचा सिद्धांत आहे. भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत तो इतकी वर्षं इतक्या ठामपणे मांडला गेलाय, की आता मलाही तो खोडून काढायची हिंमत होत नाही. मैदानात अकरा जण पळताना दिसतात ते आपले दिसायला. खरी मॅच काकांच्या हॉलमध्ये खेळली जायची आणि कोण कुठे बसलंय यावर तिचा निकाल लागायचा. आपल्या एखाद्याची बॅट चालायला लागली, की त्या क्षणी जो जिथे, ज्या अवस्थेत असेल त्यानं तिथेच, त्याच अवस्थेत राहायचं. मध्येच कुणी पाय मोकळे करायला उठला आणि विकेट पडली, तर ती बोलरच्या नावावर जात नसे, उठणाऱ्याच्या नावावर जाई. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चाललेला असायचा आणि काका मध्येच म्हणायचे, ‘‘हे कोण सांगतायत, ज्यांनी सेमीफायनलला बाल्कनीत जाऊन सिगरेट ओढली ते?’’ झालं. त्या गृहस्थाची सूचना मग कधीच पास होत नसे.

मला स्वतःला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये आले त्या पहिल्या वर्षी मी समोरच्या काकूंकडे विरजण मागायला गेले होते. वाटी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि तिकडे टीव्हीवर सिक्सर बसला. काका मागे न वळताच म्हणाले, ‘‘सूनबाई, हलू नकोस.’’ मला वाटलं पायाशी पाल आहे की काय. तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाची मॅच मी त्या दारात उभी राहून, हातात तीच वाटी धरून पाहिलेली आहे. वाटीला पोचा पडला, तरी ती बदलायची परवानगी मिळाली नाही. माझ्या नवऱ्याची जागा चपलांच्या कपाटावर, तीही अर्धी, कारण तो पहिल्यांदा टेकला तेव्हा घाईत होता. दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई खाली फरशीवर, एक गुडघा पोटाशी धरून. एकदा ते अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, ‘‘काका, मेरा पैर सो गया.’’ काका म्हणाले, ‘‘सोने दो. पैर उठेगा, विकेट नहीं उठेगी.’’ त्या दिवशी आपण जिंकलो आणि शहाभाईंना दोघांनी धरून जिन्यानं खाली नेलं. पण चेहऱ्यावर काय समाधान होतं माणसाच्या, जणू शतक त्यांनीच मारलं होतं.

काकांच्या या कायद्यातून परका माणूसही सुटत नसे. जवळच्या राई गावाहून मासे घेऊन येणारी एक मावशी आमच्या मजल्यावर येते. काका अंडंसुद्धा न खाणारे, त्यांच्याशी तिचा काही संबंध नाही. ती माझ्याकडे आली होती, माझं दार बंद दिसलं म्हणून काकांच्या उंबऱ्यात पाटी टेकवून बसली आणि समोरच्या टीमची ओपनिंग जोडी फुटली. मग काय, मावशीला उठायची बंदी. ती म्हणाली, ‘‘मना काय कललं न्हाय त्यातला. माजा म्हावरा खराब व्हईल, त्याचा काय?’’ काकांनी पाटीतली सगळी मांदेली विकत घेतली आणि मजल्यावर घरोघरी वाटली. मावशी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसून होती. जाताना तिनं विचारलं, फुडची मॅच कवा हाय? तिला तो धंदा बरा वाटला असावा. काकू बिचाऱ्या उदबत्तीवर उदबत्ती लावत होत्या.

सगळ्यांना खिळवून ठेवणाऱ्या या माणसानं एकट्या काकूंना मात्र जागा दिली नव्हती. त्या मॅचभर हव्या तशा फिरायच्या, कधी चहा, कधी थालीपीठ, कधी गॅलरीतले कपडे. आम्ही तक्रार केली, तर काका म्हणायचे, ‘‘ती घरचीच आहे. तिच्या उठण्याबसण्यानं मॅचला फरक पडत नाही.’’ काकू म्हणायच्या, मी नसते तर तुम्ही सगळे जागच्या जागी उपाशी मेला असतात. आणि तसंच व्हायची वेळ आली. काकू गेल्यानंतरची पहिली मॅच. आम्ही सगळे आपापल्या ठरल्या जागी आणि चहाची वेळ टळून गेली तरी कुणाच्या लक्षात येईना, की आता चहा करायला कुणी उरलेलं नाही. मग काका स्वतः उठले. आपली चांगली जोडी जमलेली असताना, खुर्चीतून उठून आत गेले. माझ्या बाजूनंच गेले. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर विकेट पडली. काकांनी चहा आणून दिला, त्यात साखर घालायची राहिली होती, तो आम्ही गोड मानून प्यायलो. त्या विकेटचा उल्लेख आमच्या सोसायटीत आजवर कुणीही केलेला नाही.

पण एरवी या माणसाचा आत्मविश्वास काय वर्णावा. लालबागची खोली विकून ते इथे आले, तेव्हा आजूबाजूला मिठागरं होती. नातेवाईक म्हणाले, डोकं फिरलंय. काकांनी त्यांना खिडकीतून चिखल दाखवून सांगितलं होतं, की एक दिवस इथे मेट्रो येईल. लोक हसले. पुढे कैक वर्षांनी खरोखरच रस्त्यात खांब उभे राहायला लागले, तेव्हा काका रोज सकाळी जाऊन त्या खांबांची पाहणी करायचे आणि तिथल्या कामगारांना म्हणायचे, ‘‘बहुत देर लगा दी.’’ रिक्षावाल्याला गल्ल्या सांगायच्या, डॉक्टरला औषध सांगायचं, भटजींना पुढचा मंत्र सांगायचा. गंमत म्हणजे एवढा क्रिकेटवेडा माणूस शेवटच्या ओव्हरला टीव्हीकडे बघतच नसे. खुर्ची फिरवायचा आणि आमच्याकडे तोंड करून बसायचा. म्हणायचा, ‘‘टीव्ही काय, सगळं जग बघतंय. मी तुमची तोंडं बघतो. स्कोअर तुमच्या तोंडावर आधी उमटतो.’’ आणि खरंच, मागे बॉल पडायचा आणि काका आमच्या चेहऱ्यांवरून चौकार की विकेट ते बरोबर सांगायचे. माझ्या चेहऱ्याचा मात्र त्यांना काही उपयोग नव्हता. मला निकाल नवऱ्यानं सांगितल्यावर कळायचा.

काकूंच्या नंतर त्यांची मुलगी मनू त्यांना जर्मनीला घेऊन गेली. ती आणि तिचा नवरा दोघं तिकडेच नोकरीला. आधी म्हणाली, तीन महिने या फक्त. काका निघाले तेही रुबाबात, जसे काही जर्मनीत त्यांच्यावाचून काम अडलं होतं. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, अठरा अंशावर फ्रीज ठेवू नकोस, कुंड्यांना पाणी घाल आणि वर्ल्ड कप माझ्याच हॉलमध्ये बघायचा, जागा बदलायच्या नाहीत. मी म्हटलं, फ्रीज अठरा अंशावर कुणाचाच नसतो काका. ते म्हणाले, म्हणूनच सांगितलं.

तिकडे पोचल्यावर त्यांना कळलं, की जर्मनीत क्रिकेट म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नाही. त्यांना ते देशाचं मागासलेपण वाटलं. जावयानं लॅपटॉप टीव्हीला जोडून मॅचची सोय करून दिली आणि आम्ही इकडे त्यांच्या खुर्चीत उशी ठेवून, उशीला फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावायचो. फोनचं तोंड टीव्हीकडे नाही, आमच्याकडे. तसा हुकूमच होता. काकांनी तिकडे एका कानात इअरफोन खुपसलेला आणि त्यावर लोकरीची टोपी, त्यामुळे आमचा आरडाओरडा फक्त त्यांनाच ऐकू जायचा. पहिल्याच मॅचला आमच्या लक्षात आलं, की आपल्याकडची केबल पुढे आहे आणि काकांचं चित्र इंटरनेटवरून फिरत फिरत अर्ध्या मिनिटानं पोचतंय. आम्ही विकेटला ओरडायचो तेव्हा त्यांच्या टीव्हीवर बोलर अजून चेंडू पँटला घासत असायचा.

याचा परिणाम असा झाला, की काका जर्मनीत ज्योतिषी झाले. मनूच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते, तिला काका फ्राऊबाई म्हणत, जर्मनमध्ये फ्राऊ म्हणजेच बाई. ती एक दिवस केक घेऊन आली आणि मॅच चालू होती म्हणून बसली, म्हणजे अर्थातच तिला बसवून ठेवलं. काका आमची आरोळी ऐकायचे, दोन क्षण डोळे मिटायचे, मग बोट वर करून तिला सांगायचे, ‘‘आऊट.’’ आणि आऊट व्हायचा. ‘‘सिक्स.’’ की सिक्स. फ्राऊबाईनं आधी मनूला विचारलं, मग देवाचं नाव घेतलं, मग पुढच्या मॅचला बहिणीला घेऊन आली. मनू फोनवर सांगायची, की बाबांना इकडे आल्यावर काहीतरी सिद्धी मिळालीय. काका आम्हाला सांगायचे, ‘‘इथली हवा स्वच्छ आहे ना, त्यामुळे पुढचं दिसायला लागलंय.’’ आम्ही सगळ्यांनी ठरवलं, की अर्ध्या मिनिटाचं त्यांना कळू द्यायचं नाही. एवढा आनंदात आहे माणूस, उगाच हिरमुसेल.

याच दरम्यान मनूनं विषय काढला. तिनं कागदपत्रांची चौकशी करून ठेवली होती. तिचं म्हणणं, भाईंदरचा फ्लॅट विकायचा आणि बाबांनी कायमचं तिच्याकडे राहायचं. इकडे एकट्यानं दूध तापवायचं, एकट्यानं आजारी पडायचं, हे तिला सहन होत नव्हतं. तिचं काही चुकत नव्हतं. पण काकांना परत यायचं होतं, अगदी मनापासून यायचं होतं. रोज फोनवर विचारायचे, मेट्रो चालते का नीट, शहाभाईंचा गुडघा कसा आहे, मावशी येते का. त्यांना मुलीला नाही म्हणवत नव्हतं आणि होही म्हणवत नव्हतं. चार दिवस विषय टाळला. मग आपण सेमीफायनल जिंकलो आणि त्या भरात काकांनी आमच्यासमोर, मनूसमोर जाहीर करून टाकलं, ‘‘फायनल जिंकलो तर मी घरी जाणार. हरलो तर मनूकडे राहणार. ठरलं.’’

आम्ही इकडे टाळ्या पिटल्या. फोनमध्ये मनू दिसत होती, ती काही हसली नाही. ती म्हणाली, ‘‘बाबा, माझ्याकडे राहायचं म्हणजे हरणं का?’’

काका म्हणाले, ‘‘तसं नव्हे गं...’’ आणि टोपी सारखी करत बसले. मला मनूसाठी वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला काका परत हवे होते. पोरीचं दुःख कळत होतं तरी मी फायनलच्या दिवशी सकाळी गणपतीला दूर्वा वाहून आले. क्रिकेटसाठी देवाकडे जाण्याची माझी ती पहिलीच वेळ.

फायनलला काकांचा हॉल गच्च भरला होता. मी वाटी घेऊन दारात, नवरा अर्ध्या कपाटावर, शहाभाई गुडघा धरून, राईची मावशी उंबऱ्यात. त्या दिवशी तिनं पाटी आणलीच नव्हती, नुसती बसायला म्हणून आली होती. खुर्चीत उशी, उशीवर फोन आणि फोनमध्ये टोपीवाले काका. एकदम मजेत होते. आम्हाला दम भरत होते, फ्राऊबाईला आणि तिच्या बहिणीला भविष्य सांगत होते, मनूला म्हणत होते माझी बॅग काढून ठेव. आपण चांगले खेळत होतो. मग खेळत नव्हतो. मग परत खेळायला लागलो. जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती, कुणी उठलं नव्हतं, कुणाला तहान लागली नव्हती. शेवटी एक चेंडू उरला आणि एक सिक्सर हवा होता. बसला तर कपही आपला आणि काकाही आपले, एवढं मलासुद्धा कळत होतं.

काकांनी नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ केली आणि फोन समोर धरून आमच्याकडे तोंड करून बसले.

चेंडू उंच गेला. शहाभाईंनी गुडघा सोडला. बाउंड्रीवरच्या त्या पोरानं दोन पावलं मागे टाकली, हात वर केले आणि चेंडू धरला. आणि आमच्या हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही, कुणी हळहळलं नाही. या वेळी नवऱ्यानं सांगायची गरज पडली नाही, मला कळलं होतं. मी फोनकडे बघितलं. तिकडे मनूच्या टीव्हीवर अजून फिल्डिंग लावणं चाललं होतं. मनू हात जोडून बसली होती आणि काका आमच्याकडे बघत होते. एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश, शहाभाई, माझा नवरा, मावशी आणि सगळ्यात शेवटी मी. मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

काकांनी फोन मांडीवर ठेवला. चित्रात नुसतं छत दिसायला लागलं, पण आवाज येत होता आणि आमच्याकडे इतकी शांतता होती की एकेक शब्द ऐकू आला.

‘‘मनू, इकडे बघ.’’

‘‘बाबा, थांबा ना, शेवटचा बॉल आहे.’’

‘‘बॉल राहू दे. आधी माझं ऐक. हा सिक्सर बसला, कप जिंकला, तरी मी जात नाही. मी तुझ्याकडेच राहणार. मला राहायचंय.’’

मनूचा रडायचा आवाज आला. मग फ्राऊबाई काहीतरी म्हणाली, बहुधा तिनं विचारलं असावं की आता काय होणार. काका अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘सिक्स.’’

मग तिकडच्या टीव्हीतला गलका ऐकू आला आणि फ्राऊबाई हळहळली. महिनाभरात काकांचं भविष्य पहिल्यांदाच खोटं ठरलं होतं. मावशीनं पदर डोळ्याला लावला, म्हणाली, ‘‘ह्यो मानूस आता येत न्हाय.’’ कुणी तिला समजावून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा मला फोन आला. मी अर्ध्या मिनिटाचं काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘‘पहिल्या मॅचलाच कळलं होतं मला. मी काय खुळा आहे? फ्राऊबाईला मजा वाटत होती आणि तुम्हालाही.’’ म्हणजे आम्ही काकांना सांभाळत होतो आणि काका आम्हाला. मग म्हणाले, मनूला हे कधी कळता कामा नये. ती आता सगळ्यांना सांगत सुटलीय, की बाबांना जिंकणार असंच दिसत होतं, तरी ते राहिले.

पुढे कागदपत्रांसाठी आणि फ्लॅट रिकामा करायला ते येऊन गेले. पंधरा दिवस होते. सोसायटीच्या मीटिंगला हजर राहिले, सिगरेटवाल्याचा अजून एक ठराव पाडला, मेट्रोनं दोनदा उगाचच फिरून आले आणि म्हणाले, वेग कमी आहे. खुर्ची त्यांनी आमच्या घरी आणून ठेवली. आमचं घर म्हणजे त्यांच्याच घराची उलटी बाजू, स्वयंपाकघर डावीकडे. त्यामुळे खुर्ची कुठे ठेवायची यावर त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली. निघताना माझ्याकडे ती पोचा पडलेली वाटी मागितली. म्हणाले, ‘‘आता मनूला दारात उभी करतो. तू बस माझ्या खुर्चीत. पुष्कळ उभी राहिलीस.’’ मी वाटी घासून, पुसून, कागदात गुंडाळून दिली.

आता मॅच असली की कॉल येतो. तिकडे मनू वाटी घेऊन दारात उभी दिसते, कंटाळलेली आणि खूश. काका सगळ्यांना दम भरतात. खुर्चीत मी बसते आणि क्रिकेटमधलं अजून मला काही कळत नाही. शेवटच्या ओव्हरला मात्र मी टीव्हीकडे पाठ करते आणि फोनमध्ये काकांच्या तोंडाकडे बघत बसते. मी शहाभाईंना, नवऱ्याला, सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय, की हरलो तरी लगेच तोंडं पाडायची नाहीत. ते अर्धं मिनिट काकांना मिळू द्यायचं.